अकरावं प्रकरण

"ही पहिली अडतीस पानं कशासाठी आहेत?" हुपरीकरांनी विचारलं.

मी म्हणालो, "पार्श्वभूमी म्हणून."

"कुणाच्या?"

"गावाच्या. म्हणजे गावाचा इतिहास, नदी, देऊळ, माणसांच्या रीतीभाती. वाचकाला जरा..."

"वाचक अडतीस पानं थांबत नाही हो. मीसुद्धा थांबलो नसतो, पण माझा धंदाच आहे." त्यांनी सुतळी सोडून ती पानं अलगद उचलली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उपडी ठेवली. "तुमची कादंबरी एकोणचाळिसाव्या पानावर सुरू होते. आईच्या हातातून तांब्या पडतो ना, तिथं."

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका कागदाच्या दुकानावर त्यांचा माळा होता. प्रकाशक तेच, संपादक तेच आणि मुद्रितंही तेच तपासत. वर्षाला एकच नवा लेखक छापायचा, असा त्यांचा नेम होता आणि त्या वर्षासाठी माझी कादंबरी त्यांनी चार महिने ठेवून घेतली होती. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, गडहिंग्लजच्या हायस्कुलात मराठीचा मास्तर. भेटायला या, एवढंच कार्डावर होतं. ते कार्ड माझं स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवून झालं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे मी मानधनाचं बोलायला आलो होतो.

दीड तास त्यांनी माझी सालं काढली. आमच्या मुख्याध्यापकांची प्रस्तावना गेली. "पुस्तक चांगलं असलं तर ही लागत नाही, वाईट असलं तर हिचा उपयोग नाही," असं म्हणून त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. सूर्योदय पाच होते, त्यातला एक राहिला. नायकाची भाषणं गेली. मी आधी वाद घातला, मग मान हलवली, मग नुसता बघत राहिलो. कान तापले होते. पण खोटं कशाला बोलू, त्यांनी काढलेला प्रत्येक तुकडा निघाला की खालचं बरं दिसत होतं आणि ते मला कळत होतं. विशेष म्हणजे माणूस अपमान करत नव्हता. प्रत्येक खुणेला कारण होतं. सहाव्या-सातव्या प्रकरणांवर तर त्यांनी शिसपेनीनं 'छान' असं लिहिलं होतं आणि त्या एका शब्दावर मी बाकीचं सगळं गिळायला तयार झालो.

मग त्यांनी अकरावं प्रकरण काढलं.

"आता हे. हे मात्र मला अजिबात चालत नाही."

मी चपापलो. ते माझं आवडतं प्रकरण होतं. आजारी आई अंथरुणाला खिळलेली आहे, मुलगा रात्रंदिवस तिच्या उशाशी बसतो, तिचं कपाळ पुसतो, तिला चमच्यानं पाणी पाजतो आणि शेवटी आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटते. ते लिहिताना मी रडलो होतो. शाळेत वाचून दाखवलं तेव्हा पाटीलबाई रडल्या होत्या.

"काय चुकलंय त्यात?"

"चुकलंय असं नाही. ह्यात काही नाहीच. दुखणाइताच्या खोलीत वास असतो, कंटाळा असतो, चिडचीड असते. बसून बसून माणसाची कंबर धरते. तुमच्या पोराला ह्यातलं काहीच होत नाही. तो नुसता चांगला वागतोय." त्यांनी शिसपेन खाली ठेवली. "राग मानू नका. तुमच्या आई आहेत?"

"नाहीत. चार वर्षं झाली."

"तुम्ही होतात जवळ?"

"होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पान माझ्याकडे फिरवलं. तीन ओळींच्या बाजूला समासात उभी रेघ होती.

"मग हे वाचा. चौदा पानांत एवढ्या तीन ओळी खऱ्या आहेत. बाकीचं तुम्ही लिहिलंय. हे घडलंय."

मी वाचलं. प्रत उतरवून देणाऱ्या अक्काच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ती हाक मारी तेव्हा लगेच ओ देता येत नसे. आधी घसा खाकरून आवाज जाड करावा लागे. मग ती हात चाचपून बघे आणि म्हणे, बोटं किती वाळली रे तुझी.'

ह्या ओळी मी लिहिल्याचं मला आठवेना.

"मला ह्या नीट कळल्या नाहीत," हुपरीकर म्हणाले. "पोटचा मुलगा आहे, जवळ बसलाय, मग त्याला आवाज जाड का करावा लागतो? पण खोटं लिहिणाऱ्याला हे सुचायचं नाही. कुठून आलं हे?"

त्या क्षणी मला सरळ सांगता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याविषयी काहीतरी आदरासारखं दिसत होतं.

"अनुभवातून," मी म्हणालो.

"मग तो लिहा की! आवाज जाड का करावा लागला एवढंच सांगा, प्रकरण आपोआप होईल. पंधरा दिवस घ्या. हे जमलं तर पुस्तक दिवाळीच्या आत काढतो. नाही जमलं तर..." त्यांनी हात हवेत सोडला. "तर बघू."

एस्टीत मी ते पान मांडीवर घेऊन बसलो होतो. मुद्रणप्रत अक्कानं केली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतला. लग्न झालं नव्हतं, म्हणजे तिनं आईच्या दुखण्यापायी होऊ दिलं नव्हतं. ती कोर्टात नकला विभागात होती. तिथला नियम असा की एकानं नकल करायची आणि दुसऱ्यानं मूळ कागद वाचत तिची रुजुवात घ्यायची, ओळीला ओळ, शब्दाला शब्द. अक्काच्या नकलेची रुजुवात मात्र कुणी मनावर घेत नसे. वीस वर्षांत तिनं एक वेलांटी हलू दिली नव्हती. जज्जसाहेबांच्या निकालातली चूकसुद्धा ती जशीच्या तशी उतरवायची. म्हणून तिनं माझी चारशे बारा पानं फुलस्केपवर उतरवून दिली, तेव्हा मीही ती वाचली नव्हती. वर नाव घातलं, सुतळी बांधली आणि कोल्हापूरला नेऊन दिली.

आणि आईजवळ मी नव्हतो. आई गेली तेव्हा मी आंबोलीला होतो. दहा दिवसांचं कथालेखनाचं शिबिर होतं. निघालो तेव्हा आई आजारीच होती, पण ती कितीतरी वर्षं आजारीच होती. तिला साखरेचा विकार होता आणि दोन्ही डोळे गेले होते. तिथं मला घरून तार आली, आईचं जास्त आहे, लगेच ये. पण मुंबईहून एक मोठे संपादक शेवटच्या दिवशी, बुधवारी येणार होते आणि त्यांच्यासमोर माझी कथा वाचली जायची होती. आईचं असं आधी दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा ती उठून बसली होती. मी तार घडी करून खिशात घातली. गुरुवारी दुपारी घरी पोचलो तेव्हा आईला आदल्या दिवशीच पोचवून झालं होतं. घाटात तारांवर झाड पडलं होतं, तार मला गुरुवारी सकाळी मिळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. नशीब म्हणाले.

घरी आल्यावर मी कच्ची वही काढून बघितली. त्या ओळी तिच्यात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्का सोप्यात मसूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"अक्का, अकराव्या प्रकरणात तीन ओळी जास्त आल्यात."

"आल्यात."

"तू घातल्यास?"

"मीच घातल्या."

"तू? नकल करताना?"

"ती काय कोर्टाची नकल होती?" तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "लिहीत आले दहा पानं. तुझा नायक आईचं कपाळ पुसतोय, पाणी पाजतोय. हात भरून आला माझा. म्हटलं, ह्या बाईचं मरण लिहायला आम्ही बसलोय दोघं आणि तिचं म्हणून ह्यात एक अक्षर नाही. लिहून गेल्या तीन ओळी."

"सांगायचं तरी मला."

"मला वाटलं, तू रुजुवात घेशील." ती वर न बघता म्हणाली. "आठ दिवस प्रत टेबलावर होती. रोज बघत होते. आज वाचशील, उद्या वाचशील. वाचलंस की येऊन विचारशील, अक्का, हे काय? शनिवारी सुतळी बांधलीस आणि गेलास."

ताटलीत मसूर पुढेमागे होत होती.

"आवाज जाड म्हणजे काय?" मी विचारलं. खरं तर मला कळत चाललं होतं आणि म्हणूनच विचारलं.

"तुझा काढायला लागायचा." ती सहज म्हणाली. "तिनं सारखा धोशा लावला होता, मुकुंदा आला का, मुकुंदा आला का. दोन दिवस सांगितलं, निघालाय, येतोय. आजूबाजूचे म्हणायले, माणूस पाठवूया. मी म्हटलं कशाला, तार गेलीय, येईल तो. तिसऱ्या दिवशी पाणी घेईना झाली. ओठ मिटून घेतले. म्हणाली, मुकुंदाच्या हातनं घेईन. दुपार झाली, घेतलं नाही. मग मी बाहेर गेले, जरा थांबले, चपला वाजवल्या आणि आत येऊन घसा खाकरून म्हटलं, आई, आलोय मी."

"आणि तिला पटलं?"

"पटलं का नाही काय माहीत. पाणी घेतलं."

मी खाली बघत होतो. अक्का सांगत होती, पण माझ्याशी बोलल्यासारखी नाही, कागदावरचं वाचून दाखवल्यासारखी. चार दिवस ती दोन माणसं झाली होती. आई मला हाक मारी तेव्हा अक्का मी होऊन जाई आणि आई अक्काला हाक मारी तेव्हा पुन्हा चपला वाजवून अक्का होऊन येई. आई तिच्याजवळ माझं कौतुक करी, बघ, आला की नाही माझा लेक. आणि माझ्याजवळ तिच्या तक्रारी करी, शकू फार खेकसते रे माझ्यावर. अक्का जाड आवाजात म्हणे, सांगतो तिला.

लाज वाटली, फार वाटली. पण त्या लाजेच्या पाठोपाठ दुसरं एक आलं आणि तेही सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. हे प्रकरण आहे, असं मला वाटलं. हुपरीकर म्हणतात ते हेच. मी थोडा पुढे सरकलो.

"अक्का, सगळं सांग. पहिल्या दिवसापासून. ती काय काय बोलली, तू काय म्हणालीस, सगळं."

तिचे हात थांबले. इतका वेळ खाली असलेली मान तिनं वर केली.

"कोण विचारायलंय? तू का हुपरीकर?"

"म्हणजे?"

"चार वर्षं झाली मुकुंदा. एका घरात राहतोय, एका ताटात नाही पण एका पंगतीला जेवतोय. आई कशी गेली, एकदा विचारलं नाहीस. मी वाट बघून बघून सोडून दिलं. आता पुस्तकाला पाहिजे म्हणून विचारायलास."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. असू दे." तिनं ताटली खाली ठेवली. "सांगते. सगळं सांगते, माझं खेकसणंसुद्धा सांगते. त्यात एकदा मी तिच्या हाताला फटका मारलेला आहे, तोही लिही. पण मग ओ कुणी दिला ते लिहायचं. आणि का द्यावा लागला, तेही."

"का म्हणजे... तार उशिरा..."

"तार शुक्रवारी दुपारी तुझ्या हातात पडली होती. तेराव्यानंतर मी पोस्टमास्तरांना विचारलं. त्यांनी आंबोलीहून सहीची तारीख मागवून दिली." तिचा आवाज चढला नव्हता. "तू गुरुवारी आलास."

कुणीतरी दारावरून 'शकूताई, घरात हायसा काय' म्हणून हाक मारत गेलं आणि अक्कानं 'आहे की' म्हणून ओ दिला. मग ती ताटली घेऊन आत गेली.

पंधरा दिवस मी लिहायला बसत होतो. पहिलं वाक्य मला येत होतं. 'आई मेली तेव्हा मी तिथं नव्हतो.' ते लिहायचो आणि पुढे मला स्टाफरूम दिसायची, मुख्याध्यापक दिसायचे, आमचे मामा दिसायचे, जे माझ्या गळ्यात पडून 'तुझ्या कपाळी तिचं तोंड नव्हतं रे पोरा' म्हणाले होते. कादंबरी आहे, खरं कुणाला कळणार, असं म्हणून बघितलं. पण गडहिंग्लजात मास्तरची कादंबरी कादंबरी म्हणून कोण वाचणार होतं? मुलगा दूर होता पण वाटेत गाडी बंद पडली, असं एकदा लिहून बघितलं. मुलगी नाहीच, शेजारीण ओ देते, असंही बघितलं. दोन्ही फाडलं. तेवढं वाचायला मी आता शिकलो होतो. सोळाव्या दिवशी कोल्हापूरला गेलो.

"अकरावं प्रकरण काढून टाकलं," मी हुपरीकरांना सांगितलं.

"काढलं म्हणजे?"

"पूर्ण. दहाव्याच्या शेवटी आई अंथरूण धरते. पुढच्या प्रकरणात एकदम तेरावा. मधलं काही दाखवायचंच नाही."

त्यांनी दोन्ही कडा जुळवून वाचल्या. बराच वेळ घेतला. मी माळ्याच्या खिडकीतून खाली कागदाचे गठ्ठे उतरवणारे हमाल बघत बसलो.

"उभी राहते," ते म्हणाले. "कादंबरी उभी राहते. कुणाला काही खटकायचं नाही. आणि त्या तीन ओळी?"

"त्याही गेल्या. कुठं बसत नव्हत्या."

हुपरीकरांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला आजही सांगता यायचं नाही.

"लेखक माझं ऐकत नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही शिंत्रे. सवय आहे. भांडतात, प्रत घेऊन निघून जातात, दोन वर्षांनी परत येतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळं ऐकलंत. अडतीस पानं काढा म्हटलं, काढलीत. पण तुम्ही सोयीचं तेवढं ऐकलंत." त्यांनी सुतळी बांधायला घेतली. "छापतो. शब्द दिलाय. पुस्तक बरं झालंय. चांगलं होणार होतं."

दिवाळीच्या आत पुस्तक आलं. नवोदितांत इतका संयम विरळा, असं एका साप्ताहिकानं लिहिलं. आईच्या मृत्यूचं वर्णन टाळून लेखकानं ते वाचकाच्या मनात घडवलं आहे, असं दुसऱ्यानं लिहिलं. शाळेत सत्कार झाला. एका वाचनालयानं बोलावून शाल दिली आणि न लिहिण्यातलं सामर्थ्य ह्या विषयावर माझ्याकडून भाषण करून घेतलं. मी ते पाऊण तास केलं. लोकांना आवडलं.

अक्कानं पुस्तक ताबडतोब वाचलं नाही. ते देवघराच्या कोनाड्यात पडून होतं. एका रविवारी मी बाहेरून आलो तर ती सोप्यात ते उघडून बसली होती. शेवटची दहा-बारा पानं राहिली होती. मी आत जाऊन उगीच पाणी प्यायलो, पुन्हा बाहेर आलो, खुर्चीवर बसलो. तिनं संपवलं, मिटलं, मलपृष्ठावरचा माझा फोटो बघितला.

"छपाई चांगली आहे," ती म्हणाली. "एक चूक नाही सापडली."

"कसं वाटलं?"

"बरं वाटलं की. तांब्या पडतो ते आईचंच आहे." मग तिनं पुन्हा पानं उलटली, दहावं प्रकरण संपतं तिथं बोट ठेवलं आणि पुढचं पान बघितलं. पुन्हा मागचं बघितलं. नकल तपासताना बघावं तसं.

"मुकुंदा."

"काय?"

"तू नाहीस हे समजलं. मीही नाही, तेही असू दे." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण मग ह्यात आईजवळ कुणीच नव्हतं रे. ती एकटीच गेली."

तिनं माझ्या बोलण्याची वाट बघितली नाही. उठून चहा टाकायला गेली आणि त्यानंतर पुस्तकाविषयी आमच्यात कधी शब्द निघाला नाही.

नऊ वर्षांनी दुसरी आवृत्ती निघायची ठरली. हुपरीकर तेव्हा थकले होते, पण कार्ड त्यांच्याच अक्षरात होतं. 'काही दुरुस्त्या किंवा भर घालायची असल्यास कळवावे. अजून वेळ आहे.' अक्का तेव्हा होती. लवकर निवृत्ती घेऊन घरीच असायची, शेजारच्या खोलीत. ते कार्ड मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि तिसऱ्या दिवशी उलट टपाली कळवलं, आहे तसंच छापा.